सुरू होताच येणारी 'रनडीएलएल'ची चौकट: टास्क मॅनेजर की ऑटोरन्स?

विंडोज सुरू होताच 'रनडीएलएल' नावाची, 'अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी सहायक फाइल) सापडली नाही' अशी चौकट येते, कारण प्रोग्राम काढला किंवा अँटीव्हायरसने फाइल उडवली, पण ती चालवण्याची नोंद तशीच राहिली. चौकटीतलं फाइलचं नाव आधी लिहून घ्या.

ती नोंद बंद करायला मेहनत टास्क मॅनेजरमध्ये कमी. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप, स्टार्टअप टॅब, संशयित नोंदीवर राइट-क्लिक, डिसेबल. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स मोफत आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. पण ते उतरवून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं.

खरा फरक पोहोचीचा. टास्क मॅनेजरला टास्क शेड्यूलरमधली (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) कामं दिसत नाहीत, आणि अशी अनाथ नोंद बऱ्याचदा तिथेच दडलेली असते. ऑटोरन्स तीही दाखवतं. फाइल गायब असलेल्या ओळी पिवळ्या असतात. लिहिलेलं नाव शोधा, टिक काढा, रीस्टार्ट करा. चौकट गेली तरच ओळ डिलीट करा. दिसेल ती पिवळी ओळ मात्र उडवू नका.

धोका टास्क मॅनेजरमध्ये जवळपास नाहीच. ऑटोरन्समध्ये ड्रायव्हर आणि सर्व्हिसेसही असतात. चुकीची टिक काढली तर विंडोज सुरू होणं अडू शकतं.

स्पॉटिफायसारखी ओळखीची खिडकी उघडत असेल तर टास्क मॅनेजर पुरे. गायब डीएलएलसाठी ऑटोरन्सच घ्या.