फुलांची वेळ सांगून रोपे विकणारी रोपवाटिका

आमच्या जुळे सोलापुरातील गच्चीवर गेल्या वर्षी दुधी भोपळ्याचा वेल जोमाने वाढला, फुलांनी भरला आणि तरीही एकही दुधी हाताला लागला नाही. बोटभर लांबीची फळे पिवळी पडून गळून जात. खत कमी पडत असावे असे समजून मी विजापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेत गेले, तेव्हा तिथल्या मालकांनी खताची पिशवी पुढे करण्याऐवजी विचारले, "ताई, फुलं किती वाजता उमलतात, ते पाहिलंय का?" मी पाहिले नव्हते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि निशाचर पतंगांची वाट पाहते. भर वस्तीतील तिसऱ्या मजल्यावर ते येत नसतील, तर दिवेलागणीच्या सुमारास नरफूल तोडून त्यातील पराग लहान फळ धरलेल्या मादीफुलाला आपणच लावायला हवेत, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी त्यांनी मला काहीही विकले नाही. पुढच्या पंधरवड्यात वेलावर चार दुधी धरले, आणि तेव्हापासून वर्षभर मी याच रोपवाटिकेतून रोपे घेत आहे.

या ठिकाणाचे वेगळेपण रोपांच्या मांडणीत आहे. मागच्या हिरव्या जाळीखाली रोपे जातीनुसार किंवा किमतीनुसार लावलेली नसून, त्यांच्या फुलांवर कोण येते त्यानुसार लावलेली आहेत. एका रांगेत रातराणी, जाई आणि निशागंध आहेत. अंधारात रंगाचा उपयोग नसतो, म्हणून ही फुले पांढरी किंवा फिकट असतात आणि दुरून पतंगाला बोलावण्याचे काम वासावर सोपवतात. शेजारच्या रांगेत एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद आहे, जिला वास जवळजवळ नाही, कारण तिच्याकडे येणारा शिंजीर पक्षी डोळ्यांनी फूल शोधतो. मधमाशीला मात्र तांबडा रंग नीट ओळखता येत नाही. तिला निळा आणि पिवळा दिसतो, शिवाय आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो. मधमाश्यांना रंग कळतात हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते. सूर्यफुलाच्या पाकळ्या आपल्याला एकसारख्या पिवळ्या दिसतात, पण मधमाशीला त्यांच्या बुडाशी गडद वलय दिसते आणि खाण्याची जागा कुठे आहे ते तिला आपोआप समजते.

मी घेतलेल्या रोपांत सर्वाधिक समाधान मधुमालतीने दिले. एकशे वीस रुपयांचे रोप पावसाळ्यात कठड्यावर चढले आणि दिवाळीच्या आधी फुलले. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि त्यानंतर लाल. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग एकत्र लोंबत असतात. पांढरे, सुगंधी फूल रात्रीच्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असते, तर रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर येतात. लेबलावर हे सारे तीन ओळींत, सुवाच्य मराठीत लिहिलेले होते.

वांग्याचे रोप केवळ भाजीसाठी घेतले होते. त्याच्या जांभळ्या फुलात मध नसतो, आणि पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतात, ज्यांना फक्त टोकाशी बारीक छिद्रे असतात. एका सकाळी निळ्या पट्ट्यांची एक माशी त्या नळ्यांना मिठी मारून बसली, पंख स्थिर ठेवून तिने अंग थरथरवले, गुणगुण एकदम बारीक आणि चढी झाली आणि तिच्या पोटावर पिवळी धूळ सांडली. हे काम नेहमीच्या मधमाशीला जमत नाही. ते या माशीला आणि काळ्या भुंग्याला जमते. मी चहा गार होईपर्यंत तिथेच उभी होते.

दोन तक्रारी मात्र नोंदवायलाच हव्यात. दर्शनी भागात दुहेरी जास्वंदीची गर्दी आहे, जिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्यामुळे कीटकांना फारसे काही मिळत नाही, आणि तिथे मागच्यासारखी एकही लेबले नाहीत. घाईने येणारे गिऱ्हाईक नेमके तेच उचलते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. मार्चमध्ये मी फुललेल्या झेंडूच्या सहा कुंड्या आणल्या, तेव्हा त्यांवर आदल्याच दिवशी कीटकनाशक फवारले होते, हे मला परत जाऊन विचारल्यावर कळले. मधमाश्यांसाठी म्हणून विकले जाणारे रोप फवारून देणे योग्य नाही. मालकांनी चूक मान्य करून कुंड्या बदलून दिल्या आणि आता ते फवारणीची तारीख खडूने वाफ्यावरील पाटीवर लिहितात, पण ती विक्रीच्या प्रत्येक कुंडीवर हवी.

दर शहरातील इतर ठिकाणांपेक्षा थोडे अधिक आहेत. मिळणारी माहिती पाहता मला ते पटतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना दुपारी जाऊ नये, कारण रोपे मलूल असतात आणि मालकही नसतात. संध्याकाळी सहानंतर जावे. त्या वेळी गुलबक्षी उमललेली असते, रातराणीचा वास सुटू लागलेला असतो, आणि कोणते रोप आपल्या गच्चीवर कोणाला घेऊन येईल, हे तिथे उभे राहूनच पाहता येते.