आई-वडिलांचे बँक खाते: कुलमुखत्यारपत्र की जोडखाते?

वडिलांना राजारामपुरीतल्या बँकेची पायरी चढवत नाही, थोरला घरीच असतो, धाकटा पुण्यात आणि बहीण इचलकरंजीला दिलेली, अशा घरात खात्याचा व्यवहार कोणाकडे सोपवायचा हे वडील धडधाकट असतानाच ठरवावे लागते.

कुलमुखत्यारपत्राने, म्हणजे वडिलांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार देणाऱ्या कागदाने, थोरल्याला खाते चालवता येते, ठेवी मोडता येतात आणि तसे लिहिले असल्यास जमीनही विकता येते. पैसा मात्र वडिलांचाच राहतो आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार मागेल तेव्हा हिशेब देणे मुखत्यारावर बंधनकारक असते. खरी गोम अशी, की हिशेब मागण्याचा हक्क वडिलांचा, आणि ज्याच्या हातचे जेवायचे त्याच्याकडे हिशेब मागणारे वडील विरळाच. कारखान्याचे ऊसबिल जमा होते, आठवड्यात उचलले जाते आणि खात्याला थोरल्याचाच मोबाईल नंबर जोडलेला असल्याने मेसेजही त्यालाच येतो. वडील वारले, की साधारणपणे मुखत्यारपत्र संपते. त्यानंतर एटीएममधून काढलेली रक्कम, दिवसकार्याचा खर्च कितीही खरा असला तरी, अधिकाराविना काढलेली ठरते. वडिलांचे भान कायमचे हरपले तरी कायद्याने अधिकार संपतोच, मात्र बँकेला ते कळवायला कोणी जात नाही.

'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीचे जोडखाते मृत्यूनंतरही चालू राहते, म्हणून ते सोयीचे. पण त्यामुळेच हयात भावाला पैसा आपलाच वाटू लागतो. बँक त्याला रक्कम देते, मालकी मात्र वारसांची असते. मृत्युपत्र नसल्यास १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली यांचे वाटे सारखे पडतात. नामनिर्देशनाचेही (नॉमिनी नेमण्याचेही) तेच: नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालक होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत २०१० मध्ये दिला आहे.

माझ्या मते भावंडांत थोडीही कुरबुर असेल, तर दोन्हींपेक्षा खास मुखत्यारपत्र बरे: केवळ पेन्शनच्या किंवा ऊसबिलाच्या एका खात्यापुरते, ठेवी व जमीन वगळून, आणि दर तिमाहीला खातेउतारा बहिणीलाही पाठवण्याची अट त्यात लिहून घेऊन. पुढे ते रद्द करायचे झाल्यास मुखत्याराला आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, कारण बँकेला कळेपर्यंत तिने केलेले व्यवहार वडिलांवर बंधनकारक राहतात.