ड्रॅग रेसच्या गाडीत इंजिन कुठे बसवायचं : पुढे, सीटच्या मागे, की पार शेपटाला?

चिपळूण, लोटे, रत्नागिरी, कुडाळ या पट्ट्यात जुनी गाडी उघडून रेससाठी बांधायला घेणारे आता बरेच भेटतात. कोणी भंगारातून एस्टीम उचललेली असते, कोणाकडे पद्मिनी पडून असते, एखाद्याने स्वस्तात नॅनो मिळवलेली असते. खेळ सोपा आहे. सरळ रेषेत ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, कमीत कमी वेळात कापायचा. वळण नाही, घाट नाही. त्यामुळे पहिला वाद होतो तो इंजिनच्या जागेवरूनच, आणि तो कटर हातात घेण्याआधी मिटलेला बरा. फ्लोअर एकदा कापला की मागे फिरणं महागात पडतं.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. मुंबई–गोवा महामार्गाचा नवा मोकळा तुकडा कितीही खुणावत असला तरी. आणि इंजिन मूळ जागेवरून हलवलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, ती ट्रेलरवरच न्यावी लागते. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारख्या ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत. किनाऱ्यावरून तिकडे जायचं म्हणजे ताम्हिणी नाहीतर बोरघाट चढणं आलं. ट्रेलर आणि तो ओढणारी गाडी यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

वजन कुठे बसतं, तिथे सगळं आहे

गाडी जोरात सुटली की वजन मागे झुकतं. किती झुकतं हे तीन गोष्टींवर ठरतं : वेग किती झपाट्याने वाढतोय, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आहे. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तोच प्रकार. फरक इतकाच की ड्रॅगमध्ये थोडं उलाळ होणं आपल्याला हवं असतं, कारण मागच्या चाकांवर जेवढा भार, तेवढी पकड. चाकं जाग्यावर फिरून धूर काढत राहिली तर पोरांना मजा वाटते, पण घड्याळ पुढे पळतं.

आकडे घालून बघू. गाडी चालकासकट ८०० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २.४ मीटर, वजनाचा मध्य अर्धा मीटर उंच, टायरची पकड १.२, म्हणजे चाकावरच्या भाराच्या १.२ पट (चांगले मऊ टायर, स्वच्छ डांबर).

इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांची असेल, उभ्या गाडीत ६२ टक्के वजन पुढे असेल, तर सुटताना त्यातलं बरंच मागे पळतं. ओढणाऱ्या चाकांवर जेमतेम निम्मं उरतं आणि गाडीचा वेग वाढण्याचा झपाटा ०.६ जी च्या वर जात नाही (एक जी म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो तो झपाटा). इंजिन पुढे पण ओढ मागे, वजन ५५ पुढे–४५ मागे, अशा गाडीत सुटताना मागे ६० टक्के येतं, मर्यादा ०.७२ जी. आणि इंजिन सीटच्या मागे घेऊन उभ्या गाडीतच ६० टक्के मागे ठेवलं, तर सुटताना मागच्या चाकांवर ८० टक्के बसतं आणि गाडी ०.९६ जी पर्यंत ढकलता येते.

हे वाचून लगेच कटर काढू नका. एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन ८५ अश्वशक्तीचं. त्यातली पंधरा टक्के वाटेत गेली असं धरलं, तर पुढच्या ओढीच्या गाडीला पकडीची अडचण साधारण ताशी ४० किलोमीटरपर्यंतच असते. तो वेग पहिल्या दहा-अकरा मीटरमध्येच येतो. पुढे टायर फिरवायला इंजिनात ताकदच उरत नाही, मग इंजिन पुढे असो की मागे, काही फरक पडत नाही. कागदावर, सीटमागच्या इंजिनाची गाडी पुढच्या ओढीच्या गाडीपेक्षा या टप्प्यात सुमारे चार दशांश सेकंद काढते. पद्मिनीसारख्या रचनेची (इंजिन पुढे, ओढ मागे) गाडी मधोमध पडते. ड्रॅगमध्ये चार दशांश म्हणजे पुष्कळ. पण तेवढे दशांश टायर, क्लच आणि अनावश्यक पत्रा काढूनही मिळतात.

हाच हिशेब २०० अश्वशक्तीवर नेला की चित्र पालटतं. पुढच्या ओढीची गाडी तेव्हा ताशी ९५ पर्यंत पकडीशीच झगडत बसते, मागच्या इंजिनाची ६० च्या आसपास मोकळी होते. म्हणून मी आधी विचारतो, टर्बो लावणार आहात का? नसाल, तर इंजिन हलवण्याचा खटाटोप बहुधा हौसेचाच.

कुडाळच्या एका मिस्त्रींचं म्हणणं याहून छोटं आहे : “इंजिन खंय बसवचा ता मागीर बघ, आधी टायर बघ.”

इंजिन पुढे, ओढ मागे

जुनी रचना, पण जुनाट नव्हे. अमेरिकेत ड्रॅगच्या फनी कार आणि प्रो स्टॉक या वर्गांतल्या गाड्या आजही पुढच्या इंजिनाच्या आहेत. पद्मिनी, कॉन्टेसा, जिप्सी यांतलं काही हाताशी असेल तर पाया तयारच आहे.

पुष्कळजण इंजिन मागे सरकवायचा घाट घालतात. इंजिन-गिअरबॉक्सचा १५० किलोचा जोड २५ सेंटिमीटर मागे घेतला, तर मागच्या चाकांवर जातात फक्त पंधरा-सोळा किलो. त्यासाठी फायरवॉल (इंजिन आणि चालक यांच्यामधली पत्र्याची भिंत) कापा, प्रॉपेलर शाफ्ट (ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणारा दांडा) छोटा करून बॅलन्स करा, पेडल हलवा. उलट बारा किलोची बॅटरी बोनेटखालून काढून डिकीत, मागच्या एक्सलच्याही मागे ठेवली, तर जवळजवळ तेवढाच भार मागे जातो. जाड केबल, बंद पेटी आणि बाहेरून बंद करता येणारा मेन स्विच, एवढ्यात काम. हे आधी करा.

या रचनेचा एक खोडसाळपणा आहे. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागे अखंड एक्सल. जोर लागला की शाफ्टचा पीळ एक्सलला एका बाजूने उचलतो. बहुतेक गाड्यांत उजवं मागचं चाक हलकं होऊन फिरत सुटतं. साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) असेल तर सगळी ताकद त्याच चाकातून वाया जाते. दोन्ही चाकं बांधून फिरवायची सोय केली की यातलं बरंचसं थांबतं. सरळच जायचंय, त्यामुळे वळताना टायर घासतात ही तक्रार इथे गैरलागू.

इंजिन सीटच्या मागे, एक्सलच्या पुढे

ड्रॅगच्या सर्वांत वेगवान गाड्या, टॉप फ्यूल, आज अशाच असतात. त्या तशा झाल्या त्यामागे एक अपघात आहे. पूर्वीच्या लांबुळक्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे आणि चालक मागच्या एक्सलच्याही मागे, पायांमध्ये गिअरबॉक्स घेऊन बसायचा. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियाच्या लायन्स पट्टीवर अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग गेला. त्यांनी पुढची गाडी इंजिन पाठीमागे घेऊन बांधली आणि १९७१ च्या सुरुवातीला पोमोनाची विंटरनॅशनल्स ही ड्रॅगची स्पर्धा जिंकली. त्याआधीही मागच्या इंजिनाचे प्रयोग झाले होते, पण त्या गाड्या सरळ राहत नसत. गार्लिट्स यांच्या चमूला उत्तर सापडलं ते स्टिअरिंग मंद करण्यात : चाक बरंच फिरवलं तरी पुढची चाकं थोडीच वळतील असं. चालक पुढे बसला की शेपूट सरकतंय हे त्याला उशिरा कळतं, मग तो घाईने जास्त वळवतो. मंद स्टिअरिंग त्या घाईला आवर घालतं.

आपल्याकडे ही रचना सर्वांत स्वस्तात करायची वाट म्हणजे एस्टीम किंवा जुन्या स्विफ्टचं पुढचं सगळं घराणं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही हाफशाफ्ट, हब, खालचे आर्म, उचलून जसंच्या तसं सीटच्या मागे ठेवणं. जसंच्या तसं हे महत्त्वाचं. जोड उलटा फिरवून बसवला तर एक गिअर पुढचा आणि पाच रिव्हर्स अशी गाडी तयार होते. न फिरवता नेला तर बहुतेक आडव्या इंजिनांत इंजिन एक्सलच्या रेषेपुढेच राहतं, म्हणजे हवं तिथे. टाय रॉडची टोकं चेसिसला घट्ट बांधायची, नाहीतर मागची चाकं स्वतःच्या मर्जीने वळतात. गिअरचा दांडा आता पोचत नाही, तिथे केबल घालावी लागते. रेडिएटर पुढेच ठेवला तर पाण्याचे पाइप लांबतात आणि त्यात हवा अडकते. सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू ठेवा.

सुरक्षेबाबत एक गैरसमज दिसतो. इंजिन मागे गेलं म्हणजे धोका मागे गेला, असं नाही. तेल आणि आग तोंडावर येत नाही, हे खरं. पण आडव्या इंजिनाचं फ्लायव्हील गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतं. फुटलं तर तुकडे पुढे-मागे उडतात, आणि पुढे तुमची पाठ असते. बेलहाउसिंगभोवती (फ्लायव्हील आणि क्लच झाकणारा डबा) जाड पोलादी कवच आणि सीटमागे पूर्ण फायरवॉल, यात काटकसर नको.

किनाऱ्यावरच्यांसाठी आणखी एक. इथे पाइपचा नवा सांगाडा वेल्ड करून उघडा ठेवला तर खाऱ्या हवेत सकाळपर्यंत तांबूस होतो. ज्या दिवशी वेल्ड, त्याच दिवशी प्रायमर. पाइपची तोंडं बंद करा, आतून लागलेला गंज दिसत नाही. पावसाळ्यात सांगाड्याचं काम काढूच नये, असं माझं मत.

पार शेपटाला : नॅनो आणि मंडळी

नॅनोत दोन सिलिंडरचं ६२४ सीसी इंजिन मागच्या सीटखाली आडवं आहे आणि गाडी ६०० किलोंच्या घरात. पकडीला छानच. पण जास्त ताकदीचं इंजिन एक्सलच्या मागे लोंबकळत ठेवलं, की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग नुसतं नावाला उरतं, आणि मागचा भार एकदा डोलायला लागला तर थांबवणं कठीण. मागे व्हीली बार (गाडी पुढून उचलली की जमिनीला टेकणारा दांडा) लावून पुढचं उचलणं अडवता येतं, डोलणं नाही. नॅनोला मोठं इंजिन घालायचंच असेल तर ते एक्सलच्या पुढे, मागच्या सीटच्या जागेत घ्या.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागे, त्यामुळे तिचंही नाव निघतं. पण व्हीलबेस फक्त १८४० मिलिमीटर, म्हणजे सरळ ठेवायला फारच आखूड. पुढे बोलायला नको.

मोजल्याशिवाय ठरवू नका

चौघांनी मिळून एका दुपारी होतं. काजूच्या कारखान्यात किंवा आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो मागून घ्या. एका चाकाखाली काटा, बाकी तिघांखाली नेमक्या तेवढ्याच उंचीच्या लाकडी फळ्या. जांभ्याचे चिरे लावू नका, काठाने फुटतात. चालक सीटवर, टाकी रेसला असेल तेवढीच भरलेली, हँडब्रेक सोडलेला. गाडी पुढे-मागे हलवून स्प्रिंग बसू द्या, मग आकडा लिहा. चारही चाकांचं झालं की पुढे-मागे किती ते कळतं, आणि डावं-उजवं सारखं नसेल तर तेही. काटा नाहीच मिळाला तर चिऱ्याचे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी.

मग निवड फारशी अवघड राहत नाही. एस्टीम आहे आणि इंजिन मूळचंच राहणार, तर ती पुढच्या ओढीचीच ठेवा. वजन काढा, टायरवर खर्च करा, बॅटरी मात्र पुढेच राहू द्या, कारण इथे भार पुढे हवा. टर्बो लावून दीडशे-दोनशेच्या घरात जायचं असेल आणि वेल्डिंग खात्रीच्या हातात असेल, तर सगळा जोड सीटमागे. पद्मिनी किंवा कॉन्टेसा असेल तर इंजिनला हात लावू नका, मागचा एक्सल मजबूत करा. त्याआधी ज्या स्पर्धेत उतरायचं तिचं नियमपत्रक मिळवून वाचा. इंजिनची जागा बदलल्यावर गाडी कोणत्या वर्गात जाते आणि तिथे समोर कोण असतं, हे बघून घ्या.

मागच्या इंजिनाची गाडी तयार झाली की पहिल्या धावेला शंभर मीटरवरच पाय काढा. थांबून पुढच्या टायरचे ठसे बघा. ते मधेच पुसट किंवा तुटक दिसले, तर पुढे भार कमी पडतोय; नाकात दहा-पंधरा किलो शिसं बांधा आणि मगच पूर्ण पट्टी मारा.