फुगवायची कयाक: ८ महिन्यांचा अनुभव आणि एक हरवलेलं प्लास्टिकचं शेपूट

कस्टमर केअरने काल माझ्या तक्रारीचं तिकीट तिसऱ्यांदा 'रिझॉल्व्ड' करून बंद केलं, म्हणून शेवटी हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही. दोन सीटची, १८० किलो वजन पेलणारी, हवा भरायची कयाक, सगळ्या एकाच साच्यातनं काढल्यासारख्या दिसतात त्यातलीच एक. दिवाळीच्या सेलमध्ये ११,४०० ला घेतली. स्पेक्स तुम्ही बघितलेच असतील.

आधी एक कबुली. नोव्हेंबरात मी हिला पाच स्टार देऊन बसलो होतो आणि वर शहाणपणा केला होता की खालची फिन (म्हणजेच ते शेपूट) नाही लावली तरी चालतं, उगाच वाळूत अडकते. ते वाक्य मागे घेतो.

माझी सासुरवाडी सिंधुदुर्गातल्या नेरूरला, त्यामुळे आमची नदी म्हणजे कर्ली. नेरूरपारच्या पुलापासून खाली देवबागच्या दिशेने पाणी इतकं संथ की माझा ९ वर्षांचा मुलगा पुढं बसून वल्हं मारतो (मारतो म्हणजे माझ्यावर पाणी उडवतो). दोन्ही काठांना कांदळवन, मधे मधे माड, खंड्या सारखा दिसतो, ब्राह्मणी घार हमखास. तारकर्लीला भाड्याची कयाक घेतली की तासाचं मीटर डोक्यात चालू राहतं आणि मला त्याचा मनस्वी त्रास होतो, म्हणून स्वतःची घेतली. आत्तापर्यंत ९ वेळा काढली, म्हणजे फेरीला साडेबाराशेच्या वर पडली. हा हिशोब बायकोने केलाय, मी नाही. त्यात लाइफ जॅकेटं धरलेली नाहीत, ती बॉक्समध्ये येत नाहीत, वेगळी घ्यावी लागली. मुलाचं त्याच्या वजनाप्रमाणे घ्या, मोठ्याचं घट्ट आवळून घालू नका, पाण्यात ते वर सरकतं आणि पोरगं खाली राहतं.

आता फिनची गोष्ट. तळहाताएवढं काळं प्लास्टिक, कयाकच्या मागच्या टोकाला खाली एका खाचेत सरकवायचं. आमच्या घरी त्याला शेपूट म्हणतात. या कयाकचा तळ सपाट आणि रुंद, त्यामुळे उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे जातं, डावीकडे मारलं की उजवीकडे. शेपूट मागचा भाग आडवा सरकू देत नाही, त्याचं काम एवढंच. पूर्ण हवा भरल्यावर ते खाचेत जात नाही, आधीच सरकवायला लागतं, हे मॅन्युअलमध्ये मुंगीएवढ्या अक्षरात आहे.

जानेवारीत गेलो पौर्णिमेला, कारण शनिवार होता. हीच चूक. भरती होती दुपारी बाराच्या सुमाराला, आम्ही अकराला निघालो, खाली एका पुळणीवर उतरलो, भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, पोरगं वाळूत खेळत बसलं आणि दोन वाजता बघतो तर पाणी वीसेक पावलं लांब. उधाणाची ओहोटी, ती थांबते होय. मग कयाक चिखलातनं ओढत नेली, त्या ओढाओढीत शेपूट कुठं निखळलं कळलंच नाही. पाण्यात बसलो आणि वल्हं मारलं की गिरकी, वल्हं मारलं की गिरकी. पुढं पोरगं हलकं त्यामुळे नाक वर उचललेलं, त्यावर समुद्राकडचा वारा, आणि ओहोटी आम्हाला उलटी खाली नेतेय. बायको काठावरून बघत होती, तिला वाटलं आम्ही मजेत गोल फिरतोय. तिने व्हिडिओ पण काढलाय.

शेवटी होडीवाले एक तात्या आले. "ओ जावयबापू, होडी नाचता कित्याक? सुकाणू खंय आसा?" म्हणाले आणि दोरी बांधून पुलापर्यंत ओढून नेलं. पैसे घेतले नाहीत, पण ती गोष्ट सासऱ्यांच्या कानावर आमच्या आधी पोचली होती.

मग कस्टमर केअर. मी म्हटलं शेपूट पाठवा, पैसे देतो. उत्तर: पार्ट सेपरेटली अवेलेबल नाही सर. बरं, वॉरंटी? ती ९० दिवसांची, त्यातही हरवलेला पार्ट बसत नाही. हे मला मान्य आहे, हरवलं मीच. पण पुढचा मेसेज वाचा: 'कृपया डॅमेज झालेल्या पार्टचा फोटो अपलोड करा.' हरवलेल्या वस्तूचा फोटो कसा काढतात? मी कर्ली नदीचा फोटो पाठवला. तिकीट बंद. दुसऱ्यांदा लिहिलं तर नवीन कयाकवर १०% सूट देतो म्हणाले. शंभर रुपयाच्या प्लास्टिकसाठी दहा हजाराची कयाक घ्यायची! हा एकच राग आहे माझा, बाकी कयाक वाईट नाही, पण हा राग काही जात नाही.

शेवटी घरीच केलं. खाचेचं माप कसं घ्यायचं कळेना, म्हणून कणकेचा गोळा आत दाबला, अलगद काढला, फ्रीजरमध्ये कडक केला आणि त्यावरून कागद कापला. मग भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड, हॅकसॉ, कानस आणि दोन संध्याकाळी. चार वेळा घासून पाचव्या वेळेला बसलं. बोर्ड सासूबाईंचा होता, ते मला नंतर सांगण्यात आलं. आता त्याला भोक पाडून नायलॉनची दोरी बांधलीय, निखळलं तरी लटकत राहील. थोडं तिरकं झालंय त्यामुळे कयाक किंचित डावीकडे ओढते, पण नाचत नाही.

आणखी एक मत बदललं. फेब्रुवारीपर्यंत मला वाटायचं हिचा व्हॉल्व्ह गळतो, कारण पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटात मऊ पडायची. त्यावरून पण भांडलो होतो. तर तसं नाहीये, उन्हात भरलेली गरम हवा गार पाण्यात आकसते. तेव्हा पाण्यात टाका, थोडं थांबा, मग पंपाचे चार-पाच झटके अजून मारा. उलट परत काठावर आणून उन्हात तशीच घट्ट ठेवली तर शिवण उसवायची भीती, म्हणून बाहेर काढली की आधी थोडी हवा सोडायची. व्हॉल्व्हबद्दल जे बोललो त्याबद्दल सॉरी, शेपटाबद्दल नाही.

खडकावर आणि कांदळाच्या मुळांवर कालवं (शिंपले) चिकटलेली असतात, ब्लेडसारखी धार असते, त्यांच्याजवळ ही नेऊच नका. आम्हाला एक चीर गेलीय, बॉक्समधल्या पॅचने धरली.

आता आम्ही शनिवार बघत नाही, तिथी बघतो. सासरे म्हणतात तिथीला पाऊणने गुण, येते ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी संपली. खाडीत आत थोडं मागंपुढं होतं. पण अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी लहान आणि ओढ कमी, पोरांना घेऊन जायला हेच बरं. आठला निघायचं, उतरत्या पाण्याबरोबर खाली जायचं, बारानंतर चढत्या पाण्याबरोबर परत, आणि तोपर्यंत समुद्राचा वारा पण पाठीशी येतो. मार्च-एप्रिलमध्ये अशा तीन फेऱ्या केल्या, येताना वल्हं मांडीवर ठेवून बसलो होतो निम्मा वेळ.

वाळवायचं मात्र प्रकरण आहे. पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत ही मावत नाही, ओली गुंडाळली की चार दिवसात कुबट वास. म्हणून आता सासुरवाडीतच असते, पडवीत दोन दिवस उलटी टाकून, गोडं पाणी मारून, पुसून, टाल्कम पावडर लावून माळ्यावर. पाऊस सुरू झाला, नदी आता गढूळ आणि जोरात, ऑक्टोबरपर्यंत काढणार नाही.

तीन स्टार. घेणार असाल तर घ्यायच्या आधी चॅटवर एकच विचारा, शेपूट सुटं मिळतं का, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कुणाला कागदी माप हवं असेल तर माझ्याकडे आहे, बोर्ड तुमचा तुम्ही आणा.