गोळी कुठली लागू पडेल: रक्त सांगेल की प्रश्नावली?

नैराश्याची पहिली गोळी सुरू करायची आहे, पण ‘आधी रक्त तपासून घेऊ का?’ असं एका मैत्रिणीने विचारलं. तिच्यापुढे पर्याय दोन: एचएस-सीआरपी ही रक्तचाचणी किंवा पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांवरच्या नऊ प्रश्नांची यादी.

खर्चाचं लगेच मिटतं. प्रश्नावली फुकट आहे, चाचणीही फार महाग नाही.

खरा फरक वेळेचा. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाची खूण, गोळीआधीच मोजता येते. काही अभ्यासांत १ मिग्रॅ/लिटरखालच्यांना एस्सिटालोप्राम हे नैराश्याचं औषध जास्त मानवलं, त्यावरच्यांना नॉरट्रिप्टिलिन हे दुसरं औषध, किंवा एस्सिटालोप्रामला ब्युप्रोपिऑन या तिसऱ्या औषधाची जोड. ऐकायला छान, पण हे गटांचे कल आहेत, एका माणसाचं भविष्य नव्हे. त्यात सर्दी, सुजलेली हिरडी, वाढलेलं वजन यांनीही आकडा चढतो. साधी सीआरपी इतक्या खालचे आकडे नीट दाखवत नाही, म्हणून चिठ्ठीवर ‘एचएस’ (हाय सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जास्त बारकाईने मोजणारी) आहे ना ते बघा.

कुठली गोळी लागू पडेल हे पीएचक्यू-९ आधी सांगत नाही. मात्र दर दोन आठवड्यांनी भरली, की २७ पैकी गुण उतरतायत का ते दिसतं; निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात. नवव्या प्रश्नाला, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दलच्या, ‘अजिबात नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पहिलंच औषध असेल तर प्रश्नावली पुरे. एकदोन औषधं वाया गेली असतील आणि सोबत दाह वाढवणारा लठ्ठपणा किंवा संधिवात असेल, तर सीआरपीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.