तीन इंच लिफ्टचे पैसे, दीड इंचाचं काम

माझ्या गाडीला तीन इंच लिफ्ट केली, म्हणजे चाकांच्या वर चेसिस आणि बॉडी तेवढी उंच केली, असं सांगून पैसे घेतले गेले. प्रत्यक्षात झाली दीड इंच, आणि तीसुद्धा त्यासाठीच्या नव्या भागांचं किट न वापरता. तरीही काम संपल्यावर माझ्यासमोर टेप लावून पूर्ण तीन इंच मोजून दाखवले होते. टेप बरोबर होती, आकडाही बरोबर होता. हे कसं जमतं, ते ऑफरोड गाडीवर खर्च करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं म्हणून लिहितो आहे. गॅरेजचं नाव देत नाही. तक्रार चालू आहे, आणि मला सांगायचं आहे ते या युक्तीबद्दल.

गाडीला लॅडर फ्रेम चेसिस, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारं) आणि मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग अ‍ॅक्सल. कंपनीचे टायर २६५/७० आर१७. दगडांच्या वाटेवर मागचा डिफरन्शियल (दोन मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) आपटायचा, आणि खड्ड्यात उतरताना पुढच्या बंपरचा ओठ टेकायचा. या दोन तक्रारी घेऊन मी गेलो. त्यांनी २८५/७० आर१७ सुचवले, म्हणजे सगळे ज्याला ३३ इंची म्हणतात ते. सोबत तीन इंचांचं लिफ्ट किट: चारही स्प्रिंग नवे, चारही शॉक अ‍ॅब्जॉर्बर नवे, पुढचे वरचे कंट्रोल आर्म (चाक चेसिसला जोडणारे दांडे) नवे. "३३ला तीन इंच लागतेच. आणि ग्राउंड क्लिअरन्स तीन इंच वाढतो," असं ठामपणे सांगितलं.

पहिलं खोटं इथेच होतं. टायरवरचे आकडे घेऊन हिशेब करा. २६५ मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १८५.५ मिमी. ती वर एकदा आणि खाली एकदा, मध्ये १७ इंचांची रिम. एकूण व्यास साधारण ८०३ मिमी, ३१.६ इंच. २८५/७० आर१७चा व्यास तसाच काढला तर ८३१ मिमी येतो, ३२.७ इंच. फरक २८ मिमीचा, आणि जमिनीपासून अ‍ॅक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे १४ मिमी. मागच्या सलग अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलखाली जागा वाढते ती एवढीच. स्प्रिंग कितीही उंच लावा, अ‍ॅक्सल चाकांवरच उभा असतो, वर जाते ती चेसिस आणि बॉडी. माझी मुख्य तक्रार डिफरन्शियलची होती, आणि ती लिफ्टने सुटणारच नव्हती. बंपर, चेसिसचं पोट, दारांखालची पट्टी हे मात्र लिफ्टने वर जातं. कुणी "ग्राउंड क्लिअरन्स इतका वाढेल" म्हणालं की "कशाखालचा?" एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तिथून निघा.

काम सुरू होण्याआधी त्यांनी किटचा सीलबंद खोका दाखवला. फोटोही काढू दिला. मग सुरक्षेच्या नियमांमुळे ग्राहकाला आत थांबता येत नाही म्हणून मला बाहेर बसवलं. आज मला ठाऊक आहे की तो खोका माझ्यासाठी उघडलाच गेला नाही.

आता मोजणीबद्दल. हा भाग सावकाश वाचा. आधी गाडी उभी असताना त्यांनी जमिनीपासून पुढच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि मला दाखवलं. काम झाल्यावर गाडी उचलण्याच्या यंत्रावरून खाली उतरवली आणि जागच्या जागीच तेच माप पुन्हा घेतलं. ७६ मिमी जास्त, म्हणजे बरोबर तीन इंच. ते ७६ मिमी कुठून आले याचा हिशेब मला नंतर लागला. १४ मिमी मोठ्या टायरचे. जुन्या टायरची नक्षी झिजलेली होती आणि नव्यांची पूर्ण, त्यातून साधारण ५ मिमी. म्हणजे सस्पेन्शनला हात न लावता १९ मिमी जमा. उरलेल्यातले आणखी १९ मिमी खोटे होते, कारण गाडी जॅकवरून किंवा अशा यंत्रावरून उतरवली की इंडिपेंडंट सस्पेन्शनची चाकं आत ओढलेली असतात, टायर जमिनीला घट्ट धरून बसतात आणि गाडी उंचच राहते. थोडी पुढे-मागे फिरवली की चाकं बाहेर सरकतात आणि गाडी आपल्या खऱ्या उंचीवर येते. हे त्या गॅरेजमधल्या पोरासोराला माहीत असतं. त्यांनी ती फिरवलीच नाही. राहिले ३८ मिमी, दीड इंच. तेवढीच खरी लिफ्ट.

खरं माप चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर फेंडरच्या कडेपर्यंत घ्यायचं असतं. त्यात टायरचा आकार येत नाही, झीज येत नाही, हवा कमी-जास्त असली तरी फरक पडत नाही. चारही चाकांपाशी, सपाट जमिनीवर, गाडी थोडी चालवून आणल्यावर, टाकीत इंधन आणि मागे सामान आधीइतकंच ठेवून घ्या. आधी एकदा, नंतर एकदा. आधीचं माप स्वतःच्या हाताने घ्या आणि टेपसकट फोटो काढून ठेवा. गॅरेजवाला जमिनीपासून मोजायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

गाडी चालवायला घेतल्यावर त्रास लगेच जाणवू लागला. वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होईना. सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकायची. उंचवट्यावरून पुढचं चाक सुटून लोंबकळलं की पुढून धातूवर धातू आपटल्याचा आवाज यायचा. आणि रिव्हर्समध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर घासायचा.

मी परत गेलो. त्यांचं उत्तर होतं: "घासतंय म्हणजे लिफ्ट कमी पडते. आणखी एक इंच घेऊ या." आधी कमी दिलेल्या लिफ्टचे पैसे पुन्हा मागण्याचा हा प्रकार होता. पण त्याहून वाईट म्हणजे लिफ्टने ते घासणं गेलंच नसतं. घासल्याची खूण कुठे आहे ते बघितलं की कारण कळतं. खूण चेसिसवर, कंट्रोल आर्मवर किंवा अँटीरोल बारवर असेल, तर चाक फार आत आहे. फेंडरच्या कडेवर, बंपरच्या कोपऱ्यात किंवा चाकावरच्या कमानीच्या मागच्या भागात असेल, तर चाक फार बाहेर आहे आणि वळताना मोठा घेर घेतं. माझी खूण कमानीच्या मागच्या भागात होती, बाहेरच्या बाजूला. कारण रिमही त्यांनीच विकली होती. कंपनीच्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून तिची बसण्याची बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा) +३०, नवीचा शून्य, रुंदी तेवढीच. म्हणजे चाक ३० मिमी बाहेर आलं, वर टायर २० मिमी रुंद असल्याने बाहेरची कड आणखी १० मिमी पुढे गेली. चाळीस मिमी बाहेर आलेला टायर वळताना कमानीला लागणारच. "टायर भरून दिसतो" म्हणत ही रिम गळ्यात मारली होती. घासण्याची अडचण त्यांनीच निर्माण केली आणि तिच्यावरचा उपाय म्हणून लिफ्ट विकायला निघाले. बाहेर आलेल्या चाकाने बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच.

मी ती वाढीव लिफ्ट घेतली नाही. अलाइनमेंट करणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने कागद हातात दिला: कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं तो किती मागे झुकला आहे तो कोन) दोन्हीकडे मर्यादेच्या खाली. गाडीचं पुढचं टोक उचललं की कॅस्टर घटतो, आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याचं बळ बऱ्याच अंशी त्यातूनच येतं. वरचे कंट्रोल आर्म बदलतात ते मुख्यतः यासाठी. माझे आर्म कंपनीचेच, जागच्या जागी होते.

मग त्याने गाडी उचलली, चाकं लोंबकळू दिली आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच्या एकत्र जोडणीचा, वरचा माउंट आणि चेसिसवरची त्याची बैठक यांच्यामध्ये जाड चकती बसवलेली होती. स्पेसर. स्ट्रट खालच्या आर्मला मध्यावर कुठेतरी जोडलेला असल्यामुळे वर दोनेक सेंटिमीटरची चकती घातली तरी चाकापाशी जवळपास दुप्पट उंची मिळते. मागेही स्प्रिंगखाली तशीच चकती. स्प्रिंग आणि शॉक काळेकुळकुळीत चकचकीत दिसत होते, म्हणून मी आधी नवेच समजलो होतो. पण चाक लोंबकळल्यावर वरचा आर्म स्प्रिंगला जाऊन टेकत होता. आवाज तोच होता. टेकून टेकून तिथला रंग निघाला होता आणि खाली जुना गंज दिसत होता. माझेच जुने स्प्रिंग घासून रंगवले होते.

स्पेसर ही वस्तू मुळात वाईट नाही. स्पेसर म्हणून सांगून, स्पेसरच्या पैशांत, मर्यादेत लावला तर पुष्कळांचं काम भागतं. पण स्ट्रटवर चकती आली की चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबकळतं. सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) आणि बॉल जॉइंटचा कोन वाढतो, ब्रेकची नळी आणि एबीएसची तार ताणली जाते, आणि वरच्या बाजूला शॉक वेळेआधी तळाला लागू शकतो. माझ्या एका सीव्ही बूटला, म्हणजे त्या सांध्यावरच्या रबरी आवरणाला, चीर पडली होती आणि ग्रीस बाहेर आलं होतं. हे सगळं न सांगता "नवं किट" म्हणून गाडीखाली घालणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे, आणि याबद्दल मला आजही राग आहे.

टायरमध्येही लबाडी होतीच. टायरच्या एका बाजूला डीओटीने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा हा पूर्ण कोड नसतो. माझ्या चारही टायरची तारखेची बाजू आत, चेसिसकडे बसवलेली होती. मेकॅनिकने चाकं काढल्यावर कळलं की चौघांच्या तारखा वेगवेगळ्या आणि सगळ्याच काही वर्षांच्या जुन्या. नक्षी पूर्ण होती, पण न वापरता पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतंच. रिमवर चढवण्याआधी चारही तारखा वाचा. तिथेच भारांकही वाचा: ११५ म्हणजे टायरमागे १२१५ किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. दाराच्या खांबावरच्या पट्टीत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याखाली तो जाता कामा नये.

बिलात "स्पीडोमीटर कॅलिब्रेशन" अशीही एक ओळ होती. व्यास साडेतीन टक्के वाढला की काटा १०० दाखवत असताना गाडी आधीच्या १००पेक्षा तेवढीच जास्त पळते, आणि ओडोमीटर अंतर कमी मोजतो. माझा स्पीडोमीटर पूर्वी जीपीएसपेक्षा किंचित जास्त दाखवायचा. आता कमी दाखवतो. कॅलिब्रेशन झालंच नव्हतं. ३५ इंची, म्हणजे ८८९ मिमीचे टायर घातले असते, तर हा फरक दहा टक्क्यांच्या वर गेला असता, आणि गिअरिंगही तेवढंच लांब होऊन, म्हणजे चाकांपाशी ओढ कमी पडून, चढावर गाडी दमली असती. डिफरन्शियलचे गिअर बदलण्याबद्दल अवाक्षर न काढता ३५ सुचवणाऱ्यापासूनही सावध राहा.

पुरावे घेऊन गेल्यावर मी त्यांना फक्त माझे जुने स्प्रिंग आणि शॉक परत मागितले. नवे घातले असतील तर जुने असायलाच हवेत. "भंगारात गेले," असं उत्तर आलं. गंज दिसणारा फोटो पुढे ठेवल्यावर सूर बदलला आणि बिलावर बोट ठेवलं गेलं. बिलात लिहिलं होतं: "लिफ्ट किट, एक नग." कुठल्या बनावटीचं, किती स्प्रिंग, किती शॉक, आर्म आहेत की नाहीत, काहीच नाही. तोंडी सांगितलेलं सगळं हवेत. तेव्हा आगाऊ पैसे देण्याआधी प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, पार्ट नंबरसकट लिहून घ्या. मध्यबिंदूपासून फेंडरपर्यंत किती मिमी वाढ मिळेल ते त्याच कागदावर लिहून घ्या. आणि जुने भाग परत मिळतील हेही. खरं काम करणाऱ्याला यातलं काहीच जड जात नाही. ज्या मेकॅनिकने नंतर गाडी दुरुस्त केली त्याने न मागता हे लिहून दिलं.

आता गाडीवर ५० मिमीचे खरे स्प्रिंग, त्यांना जुळणारे शॉक, वरचे आर्म आणि कंपनीच्या ऑफसेटच्या जवळची रिम आहे. टायर २८५/७०च, ताज्या तारखेचे. तीन इंचांची गरज नव्हतीच; पूर्ण स्टिअरिंग वळवून, एक चाक दाबून बघितलं तरी कुठे घासत नाही. हेडलाइटचा झोतही खाली आणून घेतला. आधीच्या गॅरेजने तोही तसाच सोडला होता, आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत तो जात होता.

तुमच्या गाडीचं काम आधीच झालं असेल, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकामागे टॉर्च मारा. स्ट्रटच्या अगदी वरच्या टोकाशी धातूची किंवा कडक प्लास्टिकची वेगळी चकती दिसते का ते बघा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या आतल्या बाजूला नख घासा. नव्या स्प्रिंगचा लेप गुळगुळीत आणि सगळीकडे सारखा असतो. हाताने मारलेल्या रंगाखाली गंजाचे खडबडीत ठिपके बोटाला लागतात, आणि वेटोळ्यांच्या मागे, जिथे फवारा पोचत नाही तिथे, जुना रंग तसाच राहिलेला असतो.