सुया, कडू पाणी आणि घामाची वही: पाळी जाताना चिनी उपचारांचे सात महिने

पहिल्या दोन महिन्यांत मी एसीवाल्याला दोनदा बोलावलं. सिंगापुरात तसाही बारमाही घाम, त्यामुळे रात्री दोनला मानेपासून कपाळापर्यंत वाफ चढते आणि गाऊन पिळावा इतका भिजतो, याचा दोष मी मशीनला देत होते. तिसऱ्यांदा फोन लावणार म्हटल्यावर नवरा दुलईतून तोंड बाहेर काढून म्हणाला, "अगं, मी इथे गारठलोय." वय 48, पाळी तीन-तीन महिने गायब. तेव्हा कुठे उजेड पडला.

आईला स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यामुळे माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनच्या गोळ्यांची घाई करेनात. ऑफिसातली चिनी मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे जाऊन बघ ना." इथे चिनी वैद्यकाला 2000 सालच्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, म्हणजे भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचून आत शिरता येतं. मी वाचलं आणि शिरले.

वैद्यबाईंनी आधी एका मनगटावर, मग दुसऱ्यावर तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. मग जीभ. मग प्रश्न: तळपाय रात्री गरम होतात का, तहान घोटभर लागते की तांब्याभर, रडू कधी येतं. पाळीबद्दल इतकं निवांतपणे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. निदान ऐकून मात्र पोटात गोळा आला: किडनीचं यिन कमी पडलंय. मी क्रिएटिनिनचा रिपोर्ट काढायलाच निघाले होते! त्यांनी हसून समजावलं की ही किडनी म्हणजे तो अवयव नव्हे, शरीराची मूळ शिदोरी. यिन म्हणजे तिच्यातला गारवा-ओलावा, तो आटला की आग वर चढते. आजी हेच दोन शब्दांत सांगायची, 'उष्णता वाढलीय'. त्यांच्या जुन्या ग्रंथात, हुआंगदी नेइजिंगमध्ये, बाईचं आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोजलंय आणि सात साते एकोणपन्नासला पाळी थांबते असं लिहिलंय. माझं एक वर्ष अजून शिल्लक होतं.

पहिलं औषध लिउ वेइ दी हुआंग, सहा वनस्पतींचं. मूळ कृती चीनच्या सोंग राजवटीतल्या एका बालवैद्याची, लहान मुलांसाठीची. रजोनिवृत्तीसाठी बाळगुटी, मला गंमत वाटली. महिनाभराने ते बदलून अर शियान तांग आलं. हे मात्र प्राचीन वगैरे नाही, 1950च्या दशकात शांघायमध्ये खास याच तक्रारींसाठी बसवलेलं. त्यातल्या 'शियान माओ'चं वनस्पतिशास्त्रीय नाव शोधलं तर निघाली आपली काळी मुसळी! चिपळूणला आमच्या घरामागच्या उतारावर पावसाळ्यात जमिनीलगत पिवळ्या चांदण्यांसारखी फुलं यायची, तीच. तीच मुसळी इथे मी डॉलर मोजून घेत होते.

औषधाचा काढा उकळायचा नव्हता, भुकटी होती. दोन सपाट चमचे, कपभर गरम पाण्यात, दिवसातून दोनदा. चव म्हणाल तर जळक्या कारल्यात ओली माती. पहिल्या आठवड्यात पोट ढिलं झालं, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं.

सुयांची, म्हणजे ॲक्युपंक्चरची, भीती होती, ती पाच मिनिटांत गेली. टोचणं डासाइतकंच. पण आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर 'सानयिनजियाओ' नावाचा बिंदू आहे, तिथे सुई हलकेच फिरवली की जड, ठणकल्यासारखी कळ पावलाकडे सरकते. त्याला 'द ची' म्हणतात आणि ती आली की वैद्यबाई खूश. मग वरून गरम दिवा, वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. मी दर वेळी घोरले असं तिथल्या मदतनीस मुलीने निर्विकारपणे सांगितलं.

मी रोज वहीत झळा, म्हणजे अचानक चढणाऱ्या त्या वाफा, मोजत होते. सुरुवातीला दिवसरात्र मिळून दहा-अकरा. दहाव्या आठवड्यात सहा. आता चार-पाच, आणि रात्री उठणं तीनदावरून एकदावर आलंय. झोपेतला फरक सर्वांत मोठा. गुडघे-बोटांचं आखडणं होतं तसंच, कोरडेपणावर काडीचा उपयोग नाही. त्यासाठी शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेलं साधं मॉइश्चरायझर कामी आलं.

आता तक्रार. चौथ्या महिन्यात त्या वैद्यबाई रजेवर होत्या म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात गेले. मला विनाकारण रडू यायचं, म्हणून तिथे गान माई दा झाओ दिलं: गहू, लाल बोरं आणि ज्येष्ठमध. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातलं, रडू येणाऱ्या बाईसाठीच सांगितलेलं. चवीला गोड, मी आनंदाने प्यायले. तीन आठवड्यांत मोज्यांचे वळ पायात रुतायला लागले आणि कायम 130च्या आत असलेलं माझं वरचं प्रेशर 158. मी प्रेशरची गोळी घेते हे तिथे कुणी विचारलंच नाही, मीही बोलले नाही. घरच्या डॉक्टरांनी औषधातल्या घटकांच्या यादीत ज्येष्ठमध वाचलं आणि कपाळावर हात मारला. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. औषध बंद केल्यावर दोनेक आठवड्यांत सूज उतरली. घसा बसला की ज्येष्ठमधाची काडी चघळणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात धोका दिसतच नाही, खरा घोळ तिथे आहे. दांग ग्वेई या चिनी औषधी मुळीचंही तसंच, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर ते घेऊ नये.

झळा आणि झोपेतला फरक सुयांनी पडला का? ऑस्ट्रेलियात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 327 बायका होत्या, आणि त्यांचं निदानही माझंच, किडनी यिन कमी. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना त्वचेत न शिरणाऱ्या बोथट. आठ आठवड्यांत दहा वेळा. झळांचा त्रास दोन्हीकडे सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला, खऱ्या-खोट्यात फरक नाही. हे वाचून मी दोन दिवस खट्टू होते. मग वही उघडून बघितलं, झोप तर खरीच लागतेय. आठवड्यातून एकदा फोन बंद करून अर्धा तास आडवं पडायला मला दुसरं निमित्त कुठे मिळणार होतं?

खर्च सांगते. सुयांच्या एका फेरीला 60 सिंगापूर डॉलर, भुकटी आठवड्याला 45च्या आसपास. सात महिन्यांत एक कोकणवारी सहज झाली असती.

भुकटी गेल्या महिन्यात बंद केली. झळा वाढल्या नाहीत, म्हणून परत सुरू करणार नाही. सुयांना महिन्यातून दोनदा जाते, प्रेशरच्या गोळीचं पाकीट पर्समध्ये ठेवून, आणि नवीन काही दिलं तर प्रत्येक घटकाचं नाव लिहून मागते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी झळांसाठी हार्मोन नसलेली एक गोळी सुचवली आहे, त्याचं जानेवारीत ठरवू. हाडांची तपासणीही तेव्हाच आहे.